मोरीवर बसलेली माणसं

बोईसर
११ नोव्हेंबर २०२४

बाबा,

फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" म्हणता आणि मला कळतं की काही ऐकू आलेलं नाही. मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून पत्र. अक्षर मोठं काढते आहे.

माझी ड्यूटी बदलली. आता संध्याकाळची पायी गस्त. आम्ही चौघं, अंगात पिवळी जॅकेटं. स्टेशनाकडून निघायचं, बाजार, मग सोसायट्या, मग नाल्यावरची मोरी, तिच्यापलीकडे कामगारांच्या चाळी, आणि त्याच वाटेने परत. गाडीत बसायचं नाही. साहेब म्हणाले, "कुणाला पकडलं नाही तरी चालेल, पण दिसा. लोकांना पोलीस दिसला पाहिजे." तर आम्ही दिसतो.

ठिकठिकाणी भिंतीवर एक कोड चिकटवला आहे. मोबाईल त्याच्यासमोर धरला की आम्ही तिथे जाऊन आलो हे चौकीत उमटतं. आमचे बन्सी हवालदार म्हणतात, "देवळातल्या घंटेसारखं आहे हे. वाजवली की देवाला कळलं, आपण मोकळे."

ही गस्त सुरू झाली ती अर्चनाताईंमुळे. सोसायटीत राहतात, जळगावकडच्या. नवरा कारखान्यात. त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि साहेबांना नेऊन दिल्या. मला वाटलं होतं बाई भांडखोर असेल. तशी नाही. पहिल्याच दिवशी चहा दिला आणि म्हणाल्या, "मला कुणाला आत टाकायचं नाहीये, मॅडम. माझ्या पोरीला रस्ता पाहिजे." त्यांची मुलगी वैभवी टॅलीच्या क्लासला जायची. परतीची वाट मोरीवरून. मोरीच्या कठड्यावर दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असतात. कुणी शिट्टी मारतं, कुणी गाणं म्हणतं, कधी बाटली फुटते. दसऱ्यापासून तिने क्लास सोडला.

आम्ही मोरीवर पोचलो की ती माणसं उठतात. आम्ही पुढे गेलो की बसतात. रोज असंच.

पाय सुजतात. बाकी ठीक. यंत्र कानाला लावता का?

जागू


एडवण
१८ नोव्हेंबर

चि. जागू,

पत्र मिळालं. चष्मा लावून दोनदा वाचलं. यंत्र डबीत आहे. ते लावलं की कावळे तेवढे ऐकू येतात, माणसं येत नाहीत. बोटीच्या इंजिनाने कान नेले ते नेले. आता जाळी दुरुस्त करायला कान लागत नाहीत.

बोंबील चांगला लागला. सुकवायच्या वलांड्या भरल्या आहेत. तुझी मैनाआत्या दिवसभर तिथेच असते.

तुला कुणी सांगितलं का ठाऊक नाही, तिचा जिवल्याही बोईसरला आहे. कपडा रंगवायच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आहे. आता दुसऱ्या एका कारखान्यात त्याचं कायमचं काम होतं आहे. मुलाखत झाली, डॉक्टरी झाली, फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला राहिला आहे. कायम झाला की क्वार्टर मिळणार. मैनाने मुलगी पाहून ठेवली आहे. मुलीकडचे क्वार्टरसाठी थांबले आहेत.

तू तिथे गस्तीवर आहेस म्हटल्यावर मैना भर वलांडीत ओरडली. मला ऐकू आलं, म्हणजे किती ओरडली असेल बघ. "आता कोनाची हिंमत हाय माज्या पोराकडं बगायची!"

त्याला एकदा भेट. तुझा आतेभाऊ आहे, परक्या गावात आहे.

पाय गरम पाण्यात मीठ घालून बुडवत जा.

वामन


बोईसर
२९ नोव्हेंबर

बाबा,

जिवल्या भेटला. शोधावं लागलं नाही. मोरीवर बसला होता.

मी जॅकेटात होते. "चला, उठा, घरी जा," असं नेहमीप्रमाणे म्हणत आले आणि समोर हा. तो उठला. "हो मॅडम," म्हणाला. पुढे गेल्यावर मला हसू आलं आणि मग आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या आधी मी चाळीत जाऊन आले. तो राहतो ती खोली पाहिली. एका खोलीत सहा खाटा आणि बारा माणसं. प्रत्येक खाट दोघांत. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. जिवल्याच्या खाटेवर दिवसा बबलू नावाच्या एका सोबत्याचा भाऊ झोपतो. तो रात्री साडेदहाला कामावर जायला निघतो, तेव्हा खाट मोकळी होते. जिवल्या तीनला सुटतो. मधल्या वेळात खोलीत पाय ठेवायचा नाही, दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, कारण सहा माणसं झोपलेली असतात. तसा खोलीचा नियमच आहे आणि तो सगळे पाळतात. मग ती सुटलेली सहा माणसं कुठे जाणार? चहाच्या टपरीवर एका कपावर किती वेळ बसू देतील? प्रत्येक खोलीची सहा. ती येऊन मोरीवर बसतात. तिथे वारा असतो.

मी त्यांना रोज म्हणते, घरी जा.

मात्र असंही नाही की सगळे गरीब बिचारे आहेत. बबलू शिट्ट्या मारतो, मी स्वतः ऐकल्या आहेत. बाटल्याही असतात. वैभवीला त्रास झाला तो खरा आहे.

आता महत्त्वाचं. साहेबांना वर आकडे द्यायचे आहेत. नुसतं दिसून भागत नाही, कारवाई किती केली ते विचारतात. पुढच्या आठवड्यापासून जो बसलेला सापडेल त्याच्यावर प्रतिबंधक कारवाई, म्हणजे नाव नोंदवायचं, चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायचा. त्यात जिवल्याचं नाव गेलं तर दाखल्यात ते येईल आणि कायमचं काम गेलं. म्हणून आत्याला एवढंच सांगा: पिवळं जॅकेट लांबून दिसलं की त्याने उठायचं. मी असले तरी उठायचं. मी असले तर आधी उठायचं.

आणि मी त्याची कोण लागते हे कुठे बोलू नका. त्याच्यासाठी नको आणि माझ्यासाठीही नको. नोकरीत मी नवी आहे.

जागू


एडवण
६ डिसेंबर

चि. जागू,

तुझं काम केलं. मैनाला अक्षर येत नाही, म्हणून तिला ओट्यावर बसवून पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. सांगायचं तेवढंच सांगितलं असतं, पण ती म्हणाली पुरं वाच, पोराचं काय लिवलंय ते मला ऐकू दे. वाचता वाचता वर पाहिलं तर ओट्याखाली सोजराबाई, सुका, जाळी विणणारी पोरं, सगळी उभी. सोजराबाई टाळ्या वाजवत होती. इतकी माणसं कशाला जमली ते मला कळलं नाही. मी तर हळूच वाचत होतो.

मैनाने लगेच जिवल्याला फोन लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण हसत होती. मी विचारलं, उठ म्हणून सांगितलंस ना? तिने मान हलवली.

बारा माणसं आणि सहा खाटा हे वाचून मला बोटीची आठवण झाली. आम्हीही पाळीने झोपायचो. पण बोटीवर जाग्या माणसाला काम असतं. रिकामं बसवत नाहीत.

सोजराबाईचा नातूही तिकडेच बोईसरला कामाला आहे, तिने खूण करून सांगितलं. त्यालाही कळवते म्हणाली.

तू काळजी करू नको.

वामन


एडवण
२७ डिसेंबर

जागू,

तुझं पत्र नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणतो असेल तर देईनच ना.

मैना चार दिवस आमच्याकडे आलेली नाही. रोज संध्याकाळी कालवण आणून देते, ते बंद आहे. मी तिच्या दारात गेलो तर आत निघून गेली. सोजराबाईला विचारलं, तिने हात हलवले, तोंड हलवलं, मला काही समजलं नाही. यंत्र लावून गेलो. तेव्हा एवढंच ऐकू आलं, "तुजी पोरगी."

माझ्या पोरीने काय केलं ते मला गावात कुणी लिहून देत नाही. तू लिही.

वामन


बोईसर
५ जानेवारी २०२५

बाबा,

लिहायला बसले की ड्यूटीची वेळ व्हायची. खरं कारण ते नाही, पण तेही आहे.

झालं ते असं. त्या दिवशी गस्तीबरोबर साहेब स्वतः चालत होते. फोटो काढायला एक माणूस होता. बाजारातून, सोसायट्यांवरून मोरीवर आलो. पिवळी जॅकेटं पाहून सगळे उठले. बबलू पहिला उठला. जिवल्या उठला नाही. त्याने मांडी घातली.

बन्सी हवालदार म्हणाले, "ए राजा, तुला वेगळं आमंत्रण पाहिजे का?" तो हसला. माझ्याकडे पाहून हसला. साहेबांना म्हणाला, "जागू हाय ना. माजी मामेबहीण हाय ती." आजूबाजूची माणसं जाता जाता थांबली. त्या सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा. कुणीतरी म्हणालं, "हां साब, इसकी दीदी है." पंधरा दिवस ते त्याला म्हणत होते की तुझ्या बसण्याला कोण हात लावतो, आणि तो ते खरं मानून बसला होता. मला न विचारता.

साहेबांनी मला विचारलं, "ओळखता?"

मी हो म्हटलं. आतेभाऊ आहे म्हटलं. साहेब म्हणाले, मग तर सोडता येणार नाही, उद्या लोक म्हणतील पोलिसांचे पाहुणे बसतात आणि बाकीचे उठतात. त्याला चौकीत नेलं. नाव नोंदवलं. बाँड घेतला. त्याला कुणी हात लावला नाही, हे आत्याला सांगा.

मी नंतर काय करता येईल ते पाहिलं. अर्चनाताईंकडे गेले. म्हटलं, हा मुलगा तुमच्या मुलीला त्रास देणाऱ्यांतला नव्हता असं सांगाल का? "मला ते सगळे सारखेच दिसतात हो," म्हणाल्या. "मी खालमानेने जाते तिथून. कोण कोणता ते कसं सांगू?" मग वैभवीला हाक मारली. तिला मी फोटो दाखवला. ती म्हणाली, "हा? हा पाय आत घ्यायचा." मला कळेना. ती म्हणाली, बाकीचे पाय लांब सोडून बसतात, ओलांडून जावं लागतं. हा आम्ही आलो की पाय आत घ्यायचा.

अर्चनाताई तेवढं सांगायला दुसऱ्या दिवशी चौकीत आल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, चांगली गोष्ट आहे, पण नोंद झाली ती झाली. सहा महिने नीट वागला की विषय संपेल. दाखला पंधरा दिवसांत द्यायचा होता. त्या कारखान्याने दुसरा माणूस घेतला.

मोरी आता मोकळी असते. वैभवी पुन्हा क्लासला जाते. परवा रस्त्यात भेटली, हात केला. सोसायटीने आमचा सत्कार केला, नारळ आणि शाल. माणसं मोरीवरून उठून कुठे गेली ते मी पाहिलं नाही. आमची वाट तिकडून जात नाही. बन्सी हवालदार म्हणतात, रेल्वेच्या भिंतीमागे बसतात, तिथे कोड नाही.

आत्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

जागू


एडवण
१४ जानेवारी

चि. जागू,

हे पत्र मी ओट्यावर वाचलं नाही. खोलीत, दार लावून, तोंड मिटून वाचलं.

मी हळू वाचतो असं मला वाटत होतं. सुकाला पाटीवर लिहून विचारलं, त्या दिवशी मी किती मोठ्याने वाचलं? त्याने वेशीकडे बोट दाखवलं. म्हणजे तिथपर्यंत. तुझं बोलणं मीच गावभर केलं आणि गावाने बोईसरला पोचवलं. मैनाने त्याला उठ म्हणून सांगितलंच नव्हतं. तिने सांगितलं होतं, आपली जागू हाय, तू कशाला उठतो. तिची मान मी माझ्या सोयीने वाचली.

जिवल्या येऊन गेला. दोन दिवस झोपला. ती मुलगी दुसरीकडे देणार आहेत. आता तो कोळगावला एका इमारतीच्या कामावर गेला आहे. तिथे कागद मागत नाहीत.

तो इथे असतानाच मी मैनाच्या दारात जाऊन बसलो. ती आत होती. मी म्हटलं, चूक माझी आहे, पोरीची नाही. ती बाहेर आली नाही. मग मी म्हटलं, साहेबाने विचारलं तेव्हा जागू हो म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, हा माझा भाऊ आहे. तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली. मला नीट दिसावं म्हणून तोंड समोर धरून बोलली. "म्हनाली? नक्की?" मी म्हटलं, पत्रात आहे. जिवल्या तिथेच होता, तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, हो.

संध्याकाळी कालवण आलं. पोराच्या हातून पाठवलं, पण आलं.

तेवढा एक शब्द तू बोललीस म्हणून या घरातून त्या घरात जाता येतं. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

वामन


कोळगाव
२ फेब्रुवारी

जागू,

मामांकडून तुझा पत्ता घेतला. फोन केला असता, पण तू बोलायच्या आधी ठेवशील असं वाटलं.

इथलं काम बरं आहे. सरकारी कचेऱ्यांच्या पलीकडे एक इमारत उठते आहे. आम्ही चौघं तिथेच खाली राहतो. प्रत्येकाला आपली जागा आहे. पाच वाजता काम सुटलं की आडवं होता येतं. पहिले काही दिवस झोपच येईना. बाहेर जाऊन बसायचो, का ते कळत नव्हतं.

तुझ्यावर राग होता. पुष्कळ होता. आता लिहितो तेव्हा तेवढा नाही.

त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं. आई म्हणाली बस, पोरं म्हणाली बस, आणि मलाही वाटलं, एकदा तरी बसून बघावं. रोज उठायचा कंटाळा आला होता. साहेब तोपर्यंत नुसतं "चल, ऊठ" एवढंच म्हणत होते. मी उठणारही होतो. तू काय म्हणतेस ते ऐकून उठणार होतो.

साहेबांनी तुला विचारलं, ओळखता? तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, नाही सर.

मग ते म्हणाले, पोलिसांच्या नावावर दादागिरी करतो, घ्या याला.

मी चौकीत पुन्हा काही बोललो नाही. बोललो असतो तर तुझं खोटं पडलं असतं आणि माझं काही सुटलं नसतं. तुझा चेहरा मी पाहिला होता. तू घाबरलेली नव्हतीस. दमलेली होतीस. आमच्या खोलीतली रातपाळीची माणसं सकाळी येतात ना, तशी. त्या वेळी त्यांना काहीही विचारलं तरी ती आधी नाही म्हणतात.

घरी गेलो तेव्हा आई मला काही न विचारता भाकऱ्या थापत होती. मामा दारात बसून ओरडून सांगत होते, जागू हो म्हणाली, पत्रात आहे. अख्खी आळी ऐकत होती. मामांना त्याचा पत्ता नव्हता. आई उंबऱ्यावर गेली, तिथून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, म्हणाली. आईने परत येऊन भाकरी उलटली आणि रडायला लागली. मग कालवण भांड्यात काढलं आणि म्हणाली, वामनदादाला देऊन ये.

मी मामांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांनी तुझं ते पत्र जपून ठेवलं आहे. आईला अधूनमधून वाचून दाखवतात, तो एवढाच भाग.

तू घरी जाशील तेव्हा आई तुला जवळ घेईल आणि त्याबद्दल बोलेल. तेव्हा खाली बघू नकोस. हो म्हण.

जिवल्या